मढविलेलीं स्वप्नें

गेल्या महिन्यांत परळ येथें आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या नव्या घरीं जाण्याचा योग आला. ज्या चाळीच्या एका खोलींत त्यांच्या तीन पिढ्या वाढल्या, ती चाळ पाडून त्या जागीं आतां एक उंच मनोरा उभा राहिला आहे, आणि त्याच्या एकविसाव्या मजल्यावर आमच्या स्नेह्यांस दोन खोल्यांचें, भरपूर उजेडाचें, स्वतंत्र नळाचें आणि स्वतंत्र संडासाचें घर मिळालें आहे. पाण्यासाठीं पहांटे रांग लावण्यांत ज्यांची हयात गेली, त्यांस हें सुख केवढें वाटत असेल तें ज्यानें चाळींत दिवस काढले त्यानेंच जाणावें. आम्हींहि तसे दिवस काढले आहेत. म्हणून त्यांच्या आनंदांत आम्ही अगदीं मनापासून सहभागी झालों.

चहा येईपर्यंत आमची दृष्टि बैठकीच्या खोलीवरून फिरत होती. सोफ्याच्या बरोबर वर, चार फूट लांबीच्या काळ्या चौकटींत, साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराचीं तीं जगप्रसिद्ध वितळलेलीं घड्याळें टांगलेलीं होतीं. समोरच्या भिंतीवर, जेवणाच्या टेबलाच्या बाजूस, चेहऱ्यापुढें हिरवें सफरचंद तरंगत असलेला रने माग्रितचा टोपीवाला गृहस्थ उभा होता. स्नेह्यांची सहा वर्षांची नात आमच्याकडे टक लावून पाहत होती. तिनें विचारलें, “आजोबा, हीं घड्याळें अशीं ओघळलीं कां?” आम्ही तोंड उघडण्यापूर्वींच तिच्या आईनें स्वयंपाकघरांतून सांगितलें, “अगं, तें डिझाइन आहे.” मुलगी गप्प झाली.

जुन्या खोलींत ज्या तसबिरी आम्हीं वर्षानुवर्षें पाहिल्या होत्या त्यांची आम्हीं चौकशी केली. कमळावर उभी असलेली लक्ष्मी होती. विटेवरचा पांडुरंग होता. आणि गिरणींत तीस वर्षें साच्यांवर राबलेल्या स्नेह्यांच्या वडिलांचा, चंदनाचा हार घातलेला, करड्या रंगाचा फोटो होता. तीं सर्व मंडळी आतां पलंगाच्या पेटींत, जुन्या चादरींत गुंडाळून ठेवलेलीं आहेत असें कळलें. कारण विचारतां स्नेही किंचित् ओशाळून म्हणाले, “पोरांचें म्हणणें, ह्या रंगाशीं तें जुळत नाहीं.”

मुलीला मिळालेलें उत्तर आणि आम्हांला मिळालेलें उत्तर हीं दोन्ही एकाच वृत्तीचीं आहेत, आणि त्या वृत्तीविरुद्ध आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. परळचें हें घर एकटें नाहीं. गिरगांवांत, दादरांत, लालबागेंत जेथें जेथें जुन्या चाळी जाऊन नवे मनोरे उभे राहत आहेत, तेथें तेथें अतिवास्तववादी चित्रांचे मढविलेले छाप दिवाणखान्याच्या शोभेसाठीं येऊं लागले आहेत. बीडीडी चाळींतला संसार १६० चौरस फुटांचा असे. त्याला आतां ५०० चौरस फूट मिळावयाचे आहेत. वाढलेल्या जागेबरोबर भिंती वाढल्या, आणि रिकामी भिंत ही मध्यमवर्गाला रिकाम्या देव्हाऱ्याइतकीच बोंचते. ती कशानें भरावी हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाहीं. लहान मूल जें रोज पाहतें त्यानें त्याच्या मनाची अर्धी घडण होते.

प्रथम, आमचा आक्षेप कशावर नाहीं तें सांगून टाकतों, म्हणजे वाचकांस आमच्या कपाळीं नसतें पाप लावावें लागणार नाहीं. चित्र परकें आहे ही आमची तक्रार नाहीं. कलेच्या वाटेवर जकातनाकीं नसतात. ह्याच माग्रितनें १९५३ सालीं, टोपीवाल्या माणसांचा जणूं पाऊस पडत आहे असें एक चित्र काढलें आणि त्याला आपल्या दख्खनच्या गोवळकोंड्याचें नांव दिलें. हिऱ्यांची ती उजाड नगरी ब्रुसेल्सच्या एका कविमित्राच्या ध्यानांत होती, त्यानें तें नांव सुचविलें आणि चित्रकारानें घेतलें. त्यांनीं आमचें नांव घ्यावें आणि आम्हीं त्यांचें चित्र घेऊं नये, असें म्हणणें कोत्या बुद्धीचें होय. चित्र छापील आहे, मूळ नाहीं, हीहि आमची तक्रार नाहीं; आणि स्वस्त आहे ही तर मुळींच नाहीं. मूळ चित्रेंच टांगावीं असा नियम केला तर संबंध गिरणगांवाच्या भिंती कोऱ्या ठेवाव्या लागतील.

छापील चित्राचा तिरस्कार निदान गिरगांवकरानें तरी करूं नये. राजा रवि वर्मा यांनीं आपल्या चित्रांचे रंगीत शिळाछाप काढण्यासाठीं छापखाना घातला तो १८९४ सालीं ह्याच गिरगांवांत. तंजावरकडच्या मराठी घराण्यांत जन्मलेले मुत्सद्दी सर टी. माधवराव यांनीं पूर्वींच त्यांस असे छाप काढण्याची सूचना केली होती. यंत्रें जर्मन, कारागीरहि जर्मन, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि त्या दगडांवरून उतरली ती आमची शकुंतला, आमची सरस्वती, आमची लक्ष्मी. पुढें प्लेगच्या दिवसांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि कालांतरानें फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हातीं आला. पण तोंवर संस्थानिकांच्या महालांत कैद असलेलें चित्र कोंकणांतल्या कुडाच्या घरांतहि जाऊन पोंचलें होतें. ज्यांस देवळाची पायरी चढूं दिली जात नव्हती त्यांच्याहि घरीं देव कागदावर बसून गेले. ह्या छापांवर त्या काळीं आणि पुढेंहि टीका पुष्कळ झाली. देवांस नाटकांतल्या नटांसारखे सजविलें, रंग भडक झाले, अभिजात परंपरा बाटली, असें रसिक म्हणत राहिले. त्यांतली कांहीं टीका आम्हांसहि पटते.

परंतु त्या तसबिरींचा एक गुण त्या टीकाकारांच्या नजरेंतून निसटला. घरांतल्या प्रत्येक माणसाला भिंतीवरच्या चित्रांत काय चाललें आहे तें ठाऊक होतें. शकुंतला मान वळवून मागें कां पाहते आहे, हें ज्या आजीला सही करतां येत नव्हती तीहि नातवंडांस सांगूं शके. इतकेंच नव्हे तर दर वेळीं थोडी भर घालून सांगे. मुलानें “कां?” म्हणावें आणि घरानें उत्तर द्यावें, अशी त्या तसबिरीभोंवतीं एक शाळाच भरत असे. छाप हलका असेल, पण घर त्याच्यापुढें मुकें नव्हतें.

आतां ज्या चित्रांनीं त्यांची जागा घेतली तीं मुळांत कशासाठीं जन्मलीं तें पाहूं. पहिल्या महायुद्धांत युरोपनें आपलीं कोट्यवधि तरुण मुलें, मोठ्या व्यवस्थेनें, घड्याळ्याच्या कांट्यावर, वेळापत्रकें आंखून मारलीं किंवा लुळींपांगळीं केलीं. आन्द्रे ब्रेताँ हा वैद्यकाचा विद्यार्थी त्या काळांत मनोरुग्ण सैनिकांच्या इस्पितळांत काम करीत होता. जी शहाणी, हिशेबी, व्यवहारी बुद्धि असा संहार घडवून आणते, तिच्यावरचा त्याचा विश्वास उडाला. फ्रॉइडचे स्वप्नविषयक विचार त्यानें वाचले होते. १९२४ सालीं पॅरिस येथें त्यानें अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. त्याचें सार आमच्या शब्दांत इतकेंच कीं, स्वप्न आणि जागृति यांमधली भिंत पाडा. नित्याच्या वस्तूंस त्यांच्या नित्याच्या जागेवरून उठवा. माणसाला त्याच्याच घरांत क्षणभर परकें वाटूं द्या, म्हणजे त्याला आपण कसे जगतों तें दिसेल. मॅन रे यानें त्यापूर्वींच, १९२१ सालीं, कपड्यांच्या इस्त्रीच्या तळाला खिळ्यांची एक ओळ चिकटवून ठेवली. मेरेट ओपेनहाइम हिनें १९३६ सालीं चहाच्या कपबशीला केसाळ कातडें चढविलें. माग्रितनें १९२९ सालीं तंबाखूचा पाइप हुबेहूब रंगविला आणि खालीं लिहिलें कीं हा पाइप नव्हे. ह्या लोकांचा रोख थेट घरावर होता. इस्त्री, कप, घड्याळ, खुर्ची, दार, खिडकी ह्याच त्यांच्या तोफा.

म्हणजे बैठकीच्या खोलीची झोंप मोडण्यासाठीं जें काढलें तेंच आज बैठकीच्या खोलीला गाढ झोंप लागावी म्हणून टांगलें जातें. दुकानांत तें इंचांवर मिळतें. सोफा करडा असेल तर अमुक, पडदे निळे असतील तर तमुक; एकसंध नको असेल तर तेंच चित्र पांच तुकड्यांत कापून, पांच चौकटींत बसवून. दालीचें तें घड्याळांचें चित्र १९३१ सालचें आहे आणि १९३४ पासून न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयांत आहे. त्याचा आकार किती असेल अशी वाचकांची कल्पना आहे? उंची २४ सेंटिमीटर आणि रुंदी ३३. उघडून हातीं धरलेल्या दिवाळी अंकाहून मोठें नाहीं. त्याच्या अगदीं जवळ जावें, श्वास रोखून वांकून पाहावें, एका घड्याळावर जमलेल्या मुंग्या मोजाव्या, ह्याच हिशेबानें तें काढलें आहे. त्याला ताणून चार फुटांचें केलें म्हणजे कानांत सांगितलेली गोष्ट भोंग्यावरून ओरडण्यासारखें होतें, आणि भोंग्याकडे कोणी लक्ष देत नसतें.

ह्यांत एक गंमतहि आहे. बंद पडलेलें घड्याळ घरांत ठेवूं नये, तें अशुभ असतें, असें वास्तुशास्त्राच्या नांवाखालीं आज घरोघर मानलें जातें. ज्या घरांत बिघडलेल्या घड्याळाला एक रात्र थारा मिळत नाहीं, त्याच घरांत दालीचीं मेलेलीं घड्याळें मधल्या भिंतीवर मानानें विराजमान होतात. तीं पाहिलींच नाहींत, याहून दुसरा पुरावा कशाला पाहिजे?

आमच्या ह्या म्हणण्यावर तीन पूर्वपक्ष संभवतात. त्यांचा क्रमानें परामर्ष घेतों.

पहिला पूर्वपक्ष असा कीं, अहो, ज्या दालीची तुम्ही एवढी काळजी वाहतां तो स्वतःच पक्का व्यापारी होता. हें खरें आहे. त्यानें दुकानांचे दर्शनी भाग सजविले. १९६९ सालीं एका गोळीच्या वेष्टणाची खूण काढून दिली. कोऱ्या कागदांवर हजारोंनीं सह्या करून दिल्या. ब्रेताँनें त्याच्या नांवांतलीं अक्षरें उलटींपालटीं करून त्याला ‘डॉलरांचा हांवरा’ अशा अर्थाचें टोपणनांव दिलें तें उगीच नव्हे. मुंबईचाहि त्याच्याशीं सौदा झालेला आहे. ज्या काळीं एअर इंडियाचा कारभार ह्याच शहरांतून चालत असे, त्या काळीं, १९६७ सालीं, त्या कंपनीनें निवडक प्रवाशांस भेट देण्यासाठीं दालीकडून रक्षापात्र करून घेतलें. त्यांतला हत्ती उलटा धरला कीं हंस दिसतो आणि हंस उलटा धरला कीं हत्ती. सुमारें ५०० नग झाले, आणि मोबदला म्हणून दालीनें मागितलें काय, तर हत्तीचें पिल्लूं! तें त्याला खरोखर विमानानें पाठविण्यांत आलें. हा सौदा वाचून आम्हांस त्याचा रागच येत नाहीं. तो धंदा असेल, पण सिगरेटची राख झाडतांना हातांतली वस्तु उलटी करून पाहण्याचा मोह त्यांत आहे, आणि मोबदल्यांतहि कल्पनेची फजिती झालेली नाहीं. माग्रित तर तरुणपणीं ब्रुसेल्सच्या एका कारखान्यांत भिंतीस लावावयाच्या कागदाचे नमुने काढून पोट भरीत असे. भिंतीची शोभा कशी करावी हें तो उत्तम जाणत होता. म्हणूनच, शोभा नको असेल तेव्हां त्यानें चित्रें काढलीं. चित्रकार विकला गेला म्हणून पाहणाऱ्यानें आंधळें व्हावें असा न्याय कोठेंहि नाहीं.

दुसरा पूर्वपक्ष अधिक तिखट आहे. आमच्या घामाचें घर, आमची भिंत. तेथें आम्हीं काय लावावें हें सांगणारे तुम्ही कोण? प्रश्न रास्त आहे. चाळींतल्या माणसाला आजवर सर्वांनींच शिकवलें. मालकानें शिकवलें, मुकादमानें शिकवलें, पुढाऱ्यानें शिकवलें. आतां त्याला स्वतःची भिंत मिळाली तर समीक्षकानेंहि छडी घेऊन यावें, हें आम्हांस शोभणार नाहीं. आमच्या हातीं छडी नाहीं. पण आम्ही उलट विचारतों कीं, हें चित्र खरोखर तुम्हींच निवडलें कां? कीं दिवाणखाना सजविणाऱ्या गृहस्थानें आपल्या पुस्तिकेंतलें बाराव्या पानावरचें चित्र तुमच्या गळीं उतरविलें? तुमच्या वडिलांची तसबीर ‘जुळत नाहीं’ असा निकाल कोणीं दिला? स्वातंत्र्याच्या नांवानें आलेली ही नवी मुकादमी तर नव्हे ना, एवढें तपासून पाहावें; मग खुशाल घड्याळें लावा, आम्ही खिळा धरूं.

तिसरा पूर्वपक्ष सज्जनांचा आहे. ते म्हणतात, न समजो. पण थोर चित्र डोळ्यांसमोर राहिलें तर हळूहळू रुचि सुधारेल. ह्याबाबत आमचा स्वतःचा अनुभव सांगतों. कॉलेजांत असतांना आम्हींहि गिरगांवांतल्या आमच्या खोलींत, एका जुन्या इंग्रजी मासिकांतून कापलेला हाच सफरचंदवाला गृहस्थ खळीनें भिंतीला चिकटविला होता. मूळ चित्र १९६४ सालचें आहे, एवढें आम्हांस ठाऊक होतें. आणि मित्रांनीं पाहून दबावें हा आमचा हेतु होता, हें आज कबूल करावयास लाज वाटत नाहीं. आमच्या आजीनें संध्याकाळीं दिवा लावतांना तें पाहिलें. ती म्हणाली, “काय रे, ह्याचें तोंड कोणीं झांकलें?” आम्हीं तिला मोठ्या ऐटीनें सांगितलें कीं त्याला अर्थ नसतो. ती म्हणाली, “अर्थ नसतो कसा? हा बाजूला सरून बघत कां नाहीं?” त्यानंतर कित्येक दिवस ती त्या गृहस्थाशीं बोले. कधीं त्याची कींव करी, कधीं त्याला रागें भरे. एकदां म्हणाली, “आमच्या घरांतल्या बायकांचीं तोंडें अशींच झांकलेलीं होतीं, पण तुम्हीं त्याचें चित्र नाहीं काढलेंत.” चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईनें आमच्या भिंतीवरचा तो चोपडा कागद जिवंत केला, आम्हीं, सगळी पुस्तकें वाचून, त्याला मारून ठेवला होता. रुचि चित्र टांगून सुधारत नाहीं. चित्राशीं भांडून सुधारते. “तें डिझाइन आहे” म्हणणें हें त्या भांडणाचें दार लावून घेणें आहे, आणि परळच्या त्या मुलीच्या तोंडावर तेंच दार लावलें गेलें.

मुलीला काय उत्तर देतां आलें असतें? दालीनें स्वतः सांगितलेली हकीकत अशी आहे कीं, रात्रीच्या जेवणानंतर टेबलावर पाघळलेलें चीज पाहून त्याला तीं घड्याळें सुचलीं. आणि मागचे ते पिवळे खडक कल्पनेंतले नाहींत. त्याच्या जन्मप्रांताच्या, कॅटलोनियाच्या किनाऱ्यावरचे आहेत. म्हणजे स्वप्न विलक्षण खरें, पण तें घरच्या टेबलावरून उठलें आणि गांवच्या समुद्रावर जाऊन निजलें. एवढें सांगितलें असतें तरी मुलीचें समाधान झालें असतें.

पण परळांत, त्या जागेवर उभें राहून, याहून मोठें उत्तर देतां येतें. घड्याळ वितळतें म्हणजे काय हें ह्या शहराला पॅरिसनें शिकवावयास नको. १ जानेवारी १९०६ रोजीं सरकारनें सर्व हिंदुस्थानाला एकच प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटें पुढें होती. एका रात्रींत हीं ३९ मिनिटें कोठें गेलीं, असें लोकांनीं विचारलें. गिरणी-कामगारांनीं त्याच जानेवारींत नव्या वेळेविरुद्ध काम नाकारून दंगा केला, कारण त्यांच्या लेखीं हा झोंपेवर घातलेला दरोडा होता. मुंबईची वेळ आणि सरकारी वेळ ह्या दोन्ही पुढें जवळजवळ अर्धें शतक ह्या एका शहरांत नांदल्या. एक घड्याळ एक सांगे, दुसरें दुसरें. आणि गिरणगांवांत ह्या दोहोंवर मात करणारी तिसरी वेळ होती, भोंग्याची. भोंगा झाला कीं चूल पेटे, भोंगा झाला कीं डबे निघत, भोंग्यावरून बाळंतिणी मुलाची जन्मवेळ सांगत. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कोणीं रीतसर मागें घेतला नाहीं आणि जिंकलाहि नाहीं. तो तसाच ओघळत गेला. भोंगे एकामागून एक थांबले. ज्या खोल्यांत वेळ सेकंदानें मोजली जात होती त्यांत ती अचानक निरुपयोगी झाली. माणसें दुपारीं दाराशीं बसून राहूं लागलीं. गिरण्यांच्या जमिनींवर पुढें बाजार आणि मनोरे उठले. आमच्या स्नेह्यांचे वडील त्या संपांत घरीं बसले ते पुन्हां साच्यावर उभे राहिले नाहींत. मनगटावरचें घड्याळ मात्र ते शेवटपर्यंत रोज सकाळीं चावी देऊन बांधीत असत. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

“हीं घड्याळें अशीं ओघळलीं कां?” ह्या प्रश्नाचें उत्तर त्या घरांतच होतें, पलंगाच्या पेटींत, चादरींत गुंडाळलेलें. तो करडा फोटो दालीच्या शेजारीं टांगला असता तर दालीला कांहीं उणेपणा आला नसता. उलट त्याच्या चित्राला परळांत येण्याचें प्रयोजन मिळालें असतें. आमचा आक्षेप आहे तो हाच. परकें स्वप्न घरांत आलें ह्याला आमची हरकत नाहीं. त्याला जागा करून देण्यासाठीं घरचें दुःख माळ्यावर टाकलें, आणि मग त्या स्वप्नालाहि बोलूं दिलें नाहीं, ह्याला आहे.

आतां कोणी म्हणेल, आमच्याकडे असें स्वप्न पाहणारे चित्रकार आहेत कोठें? आहेत, आपण त्यांच्या तसबिरी केल्या नाहींत. कोंकणांतील नागांव येथें १९३६ सालीं जन्मलेले प्रभाकर बरवे ह्याच मुंबईंत जे. जे. कलाशाळेंत शिकले, विणकर सेवा केंद्रांत हातमागाच्या कापडाचे नमुने करीत राहिले, आणि रंगाच्या डब्यांतल्या एनॅमलनें घड्याळ, पान, फळ, शंख-शिंपला अशा साध्या वस्तु एका निःशब्द अवकाशांत मांडून गेले. त्या वस्तु ओळखीच्या आहेत आणि तरी ओळख देत नाहींत. त्यांस अतिवास्तववादी म्हणावें कीं नाहीं ह्याचा वाद समीक्षकांनीं खुशाल घालावा. आपण कसे पाहतों आणि कसे रंगवितों हें त्यांनीं ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकांत स्वच्छ मराठींत लिहून ठेवलें. तें १९९० सालीं गिरगांवांतल्याच मौज प्रकाशनानें काढलें. १९९५ सालीं ते गेले. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेनें २०१९ सालीं त्यांच्या कामाचें मोठें प्रदर्शन भरविलें. आणि तेथून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या किती गिरगांवकरांस त्याची वार्ता होती? बरव्यांचा एखादा नेटका छाप, चार पैशांना, ज्या बाजारांत घड्याळें मिळतात त्या बाजारांत मिळूं लागला तर आमच्या अर्ध्या तक्रारी विरतील. ज्या संस्थांच्या कोठारांत अशीं चित्रें आहेत त्यांनीं वारसांची संमति घेऊन हें काम हातीं घ्यावें. रवि वर्म्यानें १८९४ सालीं जें साहस स्वतःच्या पैशानें केलें तें आज संस्थांस जड जाऊं नये.

संमतीचा उल्लेख केला म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या कायद्यानें चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षें त्याच्या चित्रावर वारसांचा हक्क चालतो. माग्रित १९६७ सालीं वारला, दाली १९८९ सालीं. म्हणजे एकाचा हक्क २०२७ अखेर आणि दुसऱ्याचा २०४९ अखेर संपेल. तोंवर विनापरवाना छापलेलें चित्र ही चोरीची वस्तु होय. ज्या छापावर ना चित्रकाराचें नांव, ना चित्राचें, ना साल, त्याकडे गिऱ्हाइकानें संशयानेंच पाहावें. नांव पुसलें कीं चित्राचें ‘डिझाइन’ व्हावयास वेळ लागत नाहीं.

हा लेख मनांत घोळत असतां दादरला एका तसबिरी मढविणाऱ्याच्या दुकानांत कामानिमित्त गेलों होतों. आमच्यापुढें एक तरुण जोडपें उभें होतें. त्यांनीं सागवानी चौकटीची एक जुनी तसबीर आणली होती. आंत कडा खाल्लेली, ओल लागलेली सरस्वती. “लाकूड चांगलें आहे; चौकट ठेवा, आंतलें काढून टाका,” असें त्यांनीं सांगितलें, आणि गुंडाळीतून नवा छाप बाहेर काढला. म्हाताऱ्या कारागिरानें पाठीमागचे खिळे उपटले, सरस्वती हलक्या हातानें सोडविली आणि टोपलींत टाकण्याऐवजीं जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून जोडप्याच्या हातीं दिली. “घरीं न्या,” तो म्हणाला, “पुढें कोणी विचारील.” त्यांनीं ती घेतली. पुढें तिचें काय झालें असेल कोण जाणे. पण ह्या विषयावर आम्हीं इतकीं पानें खर्चून जें सांगितलें तें त्यानें दोन शब्दांत सांगितलें, हें मान्य केलें पाहिजे.

तेव्हां आमचें वाचकांस मागणें मोठें नाहीं. दाली लावा, माग्रित लावा. पण लावण्यापूर्वीं त्याच्यापुढें अर्धा तास बसा, आणि घरांतलें मूल विचारील त्याचें उत्तर तयार ठेवा. उत्तर येत नसेल तर तसें मुलाला सांगा आणि दोघे मिळून शोधा. आणि जी तसबीर काढून ठेवली असेल ती एकवार बाहेर काढून त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर लावून पाहा. रंग जुळणार नाहीं. न जुळणें हाच तर अतिवास्तववादाचा पहिला धडा आहे.

आम्हीं स्वतः त्या दिवशीं परळला काय केलें? चहा घेतला, घराची वाखाणणी केली आणि मुलीच्या प्रश्नाला उत्तर न देतां उद्वाहकानें खालीं उतरलों. यजमानांच्या आनंदाला गालबोट लागूं नये म्हणून गप्प राहिलों असें मनाची समजूत घालण्यासाठीं म्हणतों. खरें पाहतां तो भ्याडपणाच होता. पुढच्या महिन्यांत तिचा वाढदिवस आहे. त्या दिवशीं तिच्या पणजोबांच्या घड्याळाची गोष्ट तिला सांगावयाची, आणि सांगतांना पलंगाची पेटी उघडावयास लावावयाची, असें आम्हीं ठरविलें आहे.